पेन शेल: लेखणी-शिंपला की पीसशिंपला?

प्रश्न कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका शाळेच्या बाईंचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत त्या मालवणला गेल्या होत्या. तिथे वाळूत त्यांच्या मुलाला वीतभर लांबीचा, त्रिकोणी, तपकिरी शिंपला मिळाला. मुलाच्या इंग्रजी पुस्तकात त्याला ‘पेन शेल’ म्हटलंय आणि बाईंना शाळेच्या भित्तिपत्रकासाठी मराठी नाव हवंय. एका सहकाऱ्यांनी ‘लेखणी-शिंपला’ सुचवलं. दुसरे म्हणाले, ‘पेन-शिंपला’च राहू द्या, मुलांना कळतं. शिंपल्यासोबत त्यांनी एक दगडही आणला होता. मुलालाच पन्हाळ्याच्या उतारावर सापडलेला, काळा, आणि त्यात पांढऱ्या सुयांचा पंख्यासारखा फुलोरा. दोन्ही सारखेच दिसतात असं मुलाचं म्हणणं, तेव्हा हा त्याच शिंपल्याचा जीवाश्म असेल का, हा त्यांचा दुसरा प्रश्न.

बाई, नावाचं आधी सांगतो. ‘लेखणी-शिंपला’ नको, ‘पीसशिंपला’ म्हणा.

इंग्रजीतला ‘पेन’ हा शब्द लॅटिन ‘पेन्ना’वरून आला आणि पेन्ना म्हणजे पीस. युरोपात हजारेक वर्षं माणसं हंसाच्या पिसाचं टोक तासून, शाईत बुडवून लिहीत होती. म्हणून पिसाचं नाव लिहिण्याच्या साधनाला चिकटलं. पुढे पीस गेलं, लोखंडी निब आली, मग बॉलपेन आलं, नाव मात्र तेच राहिलं. तुमचा शिंपला टेबलावर उभा धरून पाहा. खाली निमुळतं टोक, तिथून वर रुंद होत गेलेला पसारा. हा आकार पिसाच्या टाकाचा आहे. मुलांच्या कंपासपेटीतल्या पेनाशी त्याचं काहीच जुळत नाही. ‘पेन-शिंपला’ म्हटलं की मूल शिंपल्यात बॉलपेन शोधणार, आणि ‘लेखणी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बोरू येणार.

बोरूचं मी जरा जास्तच मनावर घेतो, कारण मोडी कागद वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या कागदांवरची जाड-बारीक वळणं वेतासारख्या गवताची कांडी तिरकी तासून काढलेली आहेत. ‘कलम’ हा अरबीतून आलेला शब्दही मुळात बोरूच. अरबीने तो ग्रीक ‘कालामोस’वरून घेतला आणि त्याचाही अर्थ वेत, बोरू. ‘लेखणी’ ज्या ‘लिख्’ धातूवरून आली त्याचा जुना अर्थ ओरखडणे. म्हणजे आपल्या लिहिण्याच्या सामानात गवताची कांडी आहे, ओरखडा आहे, पण पीस नाही. इंग्रजी नावातलं पीस काढून तिथे लेखणी बसवली, तर शब्दाचं भाषांतर होतं आणि शिंपल्याचं चित्र हरवतं.

पीस आपल्या लिहिण्यात अजिबातच नाही, असंही नाही. ते दुसऱ्या दाराने आलंय. पेन्ना ज्या मूळ धातूवरून निघाला, त्याचाच संस्कृतातला भाऊ ‘पत्’, म्हणजे उडणे, पडणे. त्यावरून ‘पत्र’. संस्कृतात पत्र म्हणजे आधी पंख, पीस, आणि मग झाडाचं पान. पानावर लिहू लागल्यावर भूर्जपत्र, ताडपत्र आणि शेवटी पोस्टाने येणारं पत्र. ‘पर्ण’चीही हीच वाट. गरुडाला ‘सुपर्ण’ म्हणतात ते सुंदर पंखांचा म्हणून, सुंदर पानांचा म्हणून नव्हे. त्याच पर्णाचं मराठीत ‘पान’ झालं, झाडाचंही आणि वहीचंही. तिकडे पिसाचं नाव ज्याने लिहायचं त्याला मिळालं, इकडे ज्यावर लिहायचं त्याला. हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हा मी हातातली वही कितीतरी वेळ नुसतीच उलटसुलट करत बसलो होतो.

आता शास्त्रीय नाव. प्राण्यांना-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये या शिंपल्यांच्या प्रजातीला ‘पिन्ना’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘पिन्ना’ म्हणजेही पीस, पंख, त्यामुळे प्रश्न सुटला असं वाटतं. पण हा शिंपला ग्रीक लोकांना फार आधीपासून ठाऊक होता आणि ग्रीकमध्येही त्याचं नाव ‘पिन्ना’च होतं. त्या ग्रीक शब्दाचा पिसाशी संबंध नाही. लॅटिनने शिंपल्याचं नाव ग्रीकांकडून घेतलं आणि ते योगायोगाने पिसाच्या नावासारखंच ऐकू आलं. दोन वेगळे शब्द एका उच्चारात येऊन बसले आणि शिंपल्याचा आकारही पिसासारखाच असल्यामुळे कुणाला खटकलं नाही.

असं मराठीतही आहे. आपली ‘शिंपी’ घ्या. ती शिंपी म्हणजे लहान शिंपला, जिने पूर्वी तान्ह्या बाळाला दूध पाजत. तो शिंपी म्हणजे कपडे शिवणारा, आणि त्याचं मूळ ‘शिल्पी’, कारागीर, असं सांगतात. शिंपल्याची शिंपी प्राकृत ‘सिप्पी’वरून आली. तिचं तमिळ ‘चिप्पी’ आणि कन्नड ‘चिप्पु’ यांच्याशी नातं उघड आहे. कोल्हापुरात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, निपाणीच्या पुढे गेलं की कानावर पडतंच. ‘ती’ आणि ‘तो’ एवढ्यानेच या दोन शिंप्या वेगळ्या राहिल्यात.

गंमत अशी की या शिंपल्याचा शिवणाऱ्या शिंप्याशीही संबंध येतो. पीसशिंपला टोक खाली करून वाळूत किंवा गाळात उभा रुततो आणि रुंद कड तेवढी वर ठेवतो. आत बसलेला मऊ जीव टोकाकडून बारीक धाग्यांचा झुपका सोडतो आणि वाळूच्या कणांना, बारक्या खड्यांना धरून राहतो. शिणाणे नावाचे शिंपले खडकावरून उपटताना जे काळसर तंतू तुटतात, तीच जात, पण हे जास्त लांब आणि मऊ. भूमध्य समुद्रातल्या पिन्ना नोबिलिस या मीटरभराहून मोठ्या होणाऱ्या शिंपल्याचे धागे धुऊन, विंचरून, कातून त्यांचं सोनेरी-तपकिरी कापड विणत. त्याला समुद्री रेशीम म्हणतात. एका शिंपल्यातून चिमूटभरच धागा निघतो, तेव्हा हातमोज्यांच्या एका जोडीला किती शिंपले लागत असतील याचा अंदाज करा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर हे काम अगदी अलीकडेपर्यंत टिकून होतं. पण २०१६ पासून एका परजीवीमुळे हे शिंपले इतक्या झपाट्याने मेले की २०१९ मध्ये या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. धाग्याचं वर्णन वाचायला मिळतं आणि धागा देणारा जीव डोळ्यांदेखत संपत चाललाय, हे मला फार लागतं.

त्या धाग्यांना शास्त्रात ‘बिसस’ म्हणतात. हा शब्द कसा आला ते पाहा, म्हणजे ‘लेखणी’वर मी एवढा का अडून बसलो ते कळेल. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं होतं की पिन्ना ‘बिस्सोस’मधून सरळ उभा वाढतो. ग्रीकमध्ये हे दोन शब्द आहेत. आघात शेवटी दिला तर अर्थ समुद्राचा तळ, खोली. आघात आधी दिला तर अर्थ तलम लिननचं कापड. अ‍ॅरिस्टॉटलला तळ म्हणायचं होतं. पंधराव्या शतकात थिओडोरस गाझा या ग्रीक विद्वानाने त्याचं लॅटिन भाषांतर केलं आणि तिथे कापडाचा शब्द बसला. वाचणाऱ्यांनी मग शिंपल्याच्या धाग्यांनाच ‘बिसस’ म्हणायला सुरुवात केली, आणि आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत तोच शब्द आहे. तो आता बदलणार नाही, बदलायची गरजही नाही. पण आपल्या शाळेच्या भिंतीवरचं नाव अजून लिहायचं आहे, तिथे चूक टाळणं आपल्या हातात आहे.

‘पंखशिंपला’ का नको, असंही कुणी विचारेल. दुसऱ्या एका कुळातल्या शिंपल्यांना इंग्रजीत ‘पंखवाले’ म्हणतात, मोत्याच्या कालवांच्या नात्यातले, त्यांच्यासाठी तो शब्द मोकळा ठेवलेला बरा. ‘पीसशिंपी’ही नको. आपल्याकडे लोटा-लोटी, सुरा-सुरी तसं शिंपला-शिंपी, लहान ती आणि मोठा तो. वीतभर लांबीच्या वस्तूला शिंपला हेच शोभतं. आणि ‘पीस’मधला ‘पी’ दीर्घच ठेवा, ‘मीठभाकरी’तल्या ‘मी’सारखा.

आता दगड. बाई, तो जीवाश्म नाही. पन्हाळा काय, जोतिबा काय, आपला सगळा डोंगर काळ्या दगडाचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वाहत्या लाव्हात शिंपला टिकत नाही. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्याने खनिजं साठवली. तुमच्या दगडातला सुयांचा फुलोरा झिओलाइट गटातल्या खनिजाचा आहे. दख्खनमध्ये लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी तळ्यांचा गाळ दबला गेला आणि त्यात गोगलगायी मिळतात, पण त्या गोड्या पाण्यातल्या.

तरी मुलाने केलेली तुलना मला मनापासून आवडली. त्याने नीट पाहिलंय. तुम्ही शिंपला वर्तमानपत्रातून सोडवलात तेव्हा कडेचा नखाएवढा कपचा गळून टेबलावर पडला होता, आठवतं? हा शिंपला ओला असताना कडेला थोडा वाकतो आणि वाळला की तडकतो. तो कपचा मी भिंगाखाली धरला. तुटलेल्या कडेवर बारीक खांब शेजारी शेजारी उभे होते, काड्यापेटीत काड्या दाटून भराव्यात तसे. ते कॅल्साइट या चुन्याच्या खनिजाचे लोलक. पांढऱ्या सुयांची आठवण मुलाला इथूनच झाली असणार. फरक इतकाच की दगडातल्या सुया एका बिंदूतून फाकल्यात, आणि शिंपल्यातले खांब पृष्ठभागाला काटकोनात, एकमेकांना समांतर आहेत. व्हिनेगर टाकून फेस येतो का पाहू नका. पोकळ्यांत कधी कधी कॅल्साइटही असतं, त्यामुळे फेस आला तरी काही ठरत नाही.

मोत्यासारखी चमक शिंपल्याच्या आत फक्त टोकाकडच्या भागात आहे, वरचा पसारा नुसत्या खांबांचा. चमकीचा थर अ‍ॅरागोनाइट या खनिजाचा असतो आणि खडकात तो लवकर विरघळतो. खांब मात्र टिकतात. शिवाय हा जीव जिवंतपणीच अर्धा गाळात पुरलेला असतो, तेव्हा पुष्कळदा खडकातही तो तसाच टोक खाली करून उभा सापडतो, वरची कड मोडलेली. पिन्नाच्या झडपेवर, म्हणजे शिंपल्याच्या प्रत्येक अर्ध्यावर, मधोमध उभी घडी असते. त्यामुळे जीवाश्म आडवा कापला गेला असेल तर दगडाच्या तोंडावर शंकरपाळ्यासारखा आकार दिसतो. जुरासिक काळात, म्हणजे डायनासोरांच्या युगात, यांचा एक जाड कवचाचा नातेवाईक होता, ट्रायकाइट्स. नाव ग्रीकमधल्या ‘केस’ या शब्दावरून, कारण फुटलेलं कवच केसांच्या जुडीसारखं दिसतं. हे नाव ठेवणाऱ्याने तुमच्या मुलासारखंच पाहिलं होतं.

या कुळाचे जीवाश्म कार्बॉनिफेरस काळापासूनचे आहेत, म्हणजे ३० कोटी वर्षांहून जुने. २५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या, त्यातून हे वाचले. डायनासोर गेले, त्यातूनही वाचले. पन्हाळ्याचा दगड लाल रस होऊन वाहत होता तेव्हा पीसशिंपले समुद्राच्या तळाशी कोट्यवधी वर्षं असेच उभे राहत आले होते. मोडलेली कड ते भराभर दुरुस्त करतात, आतला जीव आकसून खोल टोकाकडे जाऊ शकतो, आणि कवचाचे तुकडे बाहेर ढकलायला त्यांच्याकडे एक वेगळा अवयवच आहे, जो इतर शिंपल्यांत नाही. भारतात यांचे जीवाश्म मुलांना दाखवायचे तर कच्छचे जुरासिक आणि तमिळनाडूतल्या अरियलूरचे त्यापुढच्या क्रिटेशियस काळातले खडक गाठावे लागतील.

इतक्या लांब जाणं जमणार नसेल, तर मुलांना टाउन हॉलच्या संग्रहालयात न्या. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथे आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, रोमन व्यापाराच्या काळात पंचगंगेकाठी आलेला. पिन्ना हा शब्द ज्या किनाऱ्यांवर जन्मला, त्याच समुद्राचा हा देव.

भित्तिपत्रकावर शिंपल्याखाली लिहा: ‘पीसशिंपला (पिन्ना), मालवण. टोक खाली, कड वर असा वाळूत उभा राहतो.’ म्हणजे चित्रही उभंच लावावं लागेल. आणि दगड शेजारीच ठेवा, त्याच्याखाली: ‘झिओलाइट, पन्हाळा. हा शिंपला नाही.’ मुलाचं नाव दोन्हींखाली येऊ द्या, दोन्ही त्यानेच शोधलेत.