लघवीच्या तपासणीवरून मुलाला ऑटिझम आहे का, हे कळतं का?

नाही, लघवीच्या कोणत्याही तपासणीवरून ऑटिझमचं निदान होत नाही. ते मुलाचं वागणं, बोलणं आणि विकास पाहूनच होतं. काही अभ्यासांत ऑटिझम असलेल्या मुलांच्या लघवीत पॅरा-क्रेसॉल किंवा निओप्टेरिन जास्त सापडलं, पण ती गटाची सरासरी. एकट्या मुलाच्या आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही. पॅरा-क्रेसॉल आतड्यातले जिवाणू टायरोसिन या प्रथिनांतल्या घटकापासून बनवतात, म्हणून बद्धकोष्ठतेतही ते वाढतं. निओप्टेरिन रोगप्रतिकारक पेशी सोडतात, त्यामुळे साध्या विषाणूजन्य तापातही ते चढतं, आणि नमुना उजेडात राहिला तर घटतं. टार्टारिक आम्ल काही रिपोर्टांत ‘यीस्ट (एक बुरशी) वाढल्याची खूण’ म्हणून येतं. आदल्या रात्री चिंचेची आमटी किंवा द्राक्षं खाल्ली तरी ते दिसू शकतं. शिवाय हे आकडे क्रिएटिनिनने, म्हणजे स्नायूंतून लघवीत येणाऱ्या पदार्थाने, भागलेले असतात: मूल बारीक, स्नायू कमी, की क्रिएटिनिन कमी आणि बाकी सगळं उगाच फुगलेलं. असा रिपोर्ट पाहून बुरशीची औषधं किंवा किलेशन (औषध देऊन शरीरातले धातू बाहेर काढणं) कृपा करून सुरू करू नका. किलेशनने रक्तातलं कॅल्शियम घसरून मुलाचा जीव गेल्याची नोंद आहे.

लघवीची तपासणी खरंच कामाची ठरते असा अपवाद एकच, तोही ऑटिझमच्या निदानासाठी नाही. आलेलं बोलणं गेलं, फिट येतात, वारंवार उलट्या किंवा सुस्ती असेल, तर डॉक्टर चयापचयाच्या आजारांसाठी लघवीतली ऑरगॅनिक ॲसिड आणि क्रिएटिन-ग्वानिडिनोॲसिटेट (चयापचयात तयार होणारे पदार्थ) तपासायला सांगतात. ती तपासणी जरूर करा, यातल्या काही आजारांवर उपचार आहेत.