सत्तरीच्या आईला ऑनलाइन भामट्यांपासून कसं वाचवायचं? संशोधन काय सांगतं?

तुम्ही विचारलंय की आई नाशिकरोडला एकटीच असते, सगळे व्यवहार फोनवर करते. तर अभ्यासकांकडे 'सावध राहा'च्या पलीकडे काही आहे का? आहे, आणि कामाचं आहे.

आधी एक समज सोडा, की अडाणी माणूसच फसतो. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी आहेत. उभी हयात नोटा तपासण्यात गेली, तरी व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली की त्यांचाही घसा कोरडा पडतो. 2018 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वयस्कर लोकांना आधी खूश केलं किंवा चिडवलं, मग फसव्या जाहिराती दाखवल्या. दोन्ही वेळा त्या वस्तू घ्यायची त्यांची तयारी वाढली. भामटा आधी मन ढवळतो. मग माहिती असूनही सुचत नाही.

म्हणून नुसती माहिती देऊन भागत नाही, सराव लागतो. मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅकग्वायर यांनी 1960च्या दशकात मांडलं, की फसव्या युक्तिवादाचा सौम्य डोस आधीच दिला तर मन त्याला तोंड द्यायला तयार होतं. केंब्रिज विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ सँडर व्हॅन डर लिंडेन आणि सहकाऱ्यांनी 2022मध्ये दाखवलं, की छोटे व्हिडिओ पाहूनही लोकांना दिशाभुलीच्या क्लृप्त्या जास्त ओळखू येतात. लसीसारखाच हा असरही ओसरतो, अधूनमधून उजळणी लागते.

आम्ही संघात हेच करतो. एक जण 'अधिकारी' होऊन दरडावतो, "आजी, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय. फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही!" समोरच्या आजींनी एवढंच म्हणायचं, "मुलाला विचारून सांगते," आणि फोन ठेवायचा. पहिल्यांदा बहुतेकांना तो ठेववत नाही, मोठ्या माणसाचा अपमान होईल असं वाटतं. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. हीच तालीम तुम्ही रविवारच्या फोनवर आईकडून करून घ्या, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा.

'डिजिटल अरेस्ट', म्हणजे व्हिडिओ कॉलवरून 'तुम्हाला अटक झालीय' असं धमकावणं, असलं काही कायद्यात नाही, हे तिला स्पष्ट सांगा. आणि चुकून पैसे गेलेच, तर तुम्ही रागावणार नाही हे आत्ताच सांगून ठेवा. ओरडा बसेल या भीतीने माणसं गप्प बसतात आणि पैसे पुढच्या खात्यात सरकतात. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करायचा, मग बँकेला. तो नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात लावा.