वाचकांचे प्रश्न : लाँगबोर्डचा डेक कोणता घेऊ?

प्रश्न : ताई, मी खारघरला राहतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत साधा स्केटबोर्ड चालवलाय. आता लाँगबोर्ड घ्यायचाय. दुकानदार म्हणतो 42 इंची पिनटेल घे, मित्र म्हणतो ड्रॉप-थ्रू घे. मला वळणं घेत निवांत फिरायला आवडतं, पण रोज स्टेशनपर्यंत जायलाही तोच वापरायचाय. वजन 58 किलो.

उत्तर : तू लांबी, वजन, आवड सगळं कळवलंस. थांबतोस कसा, तेवढं लिहिलं नाहीस. स्केटबोर्डवर तू बहुतेक मागची शेपटी जमिनीला घासून थांबत असशील. पिनटेलला, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या बोर्डाला, तशी वर वळलेली शेपटी नसतेच. तिथे एक पाय डेकवर, म्हणजे उभं राहायच्या फळीवर, ठेवून दुसऱ्याचा तळवा रस्त्यावर घासायचा. डेक जितका उंच, तितका पुढचा गुडघा जास्त वाकवावा लागतो. ढकलतानाही तेच. म्हणून आकाराच्या आधी उंची बघ.

पिनटेल सहसा टॉप-माउंट असतो, म्हणजे ट्रक (चाकं जोडलेले धातूचे भाग) फळीच्या खाली बसवलेले. ड्रॉप-थ्रूमध्ये फळीला आरपार खाच असते आणि ट्रकची पट्टी वरून बसते. त्यामुळे उभं राहायची जागा दोन सेंटिमीटरच्या आसपास खाली येते. ऐकायला कमी वाटतं, पण घर ते स्टेशन आणि परत एवढं ढकललंस की मांडीला कळेल. टॉप-माउंटचा फायदा वेगळा. पाय थेट ट्रकच्या वर येतात, जोर नीट लागतो, वळणं खोल बसतात. तुझी खरी हौस तीच आहे, त्यामुळे दुकानदार अगदीच चुकीचं सांगत नाहीये. पण रोजचा बोर्ड म्हणून मी मित्राच्या बाजूने. 38 ते 40 इंची, किंचित लवचिक ड्रॉप-थ्रू घे. वळणं जरा मोठी होतील. ट्रकमधली रबरं, म्हणजे बुशिंग्ज, थोडी मऊ घातलीस की तेही बरंच भरून निघतं.

लवचिकपणा दुकानातच तपास. बूट घालून डेकच्या मधोमध उभा राहा आणि हलकेच गुडघे वाकवून दाब दे. चांगला डेक मोकळा असताना मध्ये थोडा फुगलेला असतो, तुझ्या वजनाने जवळपास सपाट होतो आणि लगेच वर येतो. झोळीसारखा लोंबला तर तो तुझ्यासाठी नाही, कितीही छान रंगवलेला असो. बांबू आणि फायबरग्लासचे डेक जास्त उसळी देतात, सात-आठ थरांचे मेपलचे बहुधा कडक असतात. मेपल धक्के सरळ तळपायापर्यंत पोचवतो. आपल्याकडचे पेव्हर ब्लॉक बघता मी बांबूकडे झुकते.

तरीही पिनटेलच घेतलास तर एका बाजूला पूर्ण वजन टाकून चाक फळीला टेकतं का ते बघ. टेकत असेल तर ट्रक आणि फळीच्या मध्ये रायझर पॅड, म्हणजे उंची वाढवणारी चकती, घालून मागायचं. चालत्या बोर्डावर चाक घासलं की ते जागीच अडकतं, बोर्ड थांबतो आणि तू पुढे जातोस. ड्रॉप-थ्रूला चाकांपाशी फळी कापलेली असते, म्हणून ही कटकट क्वचितच.

प्रश्न : मुलगी 13 वर्षांची आहे. आम्ही घोडबंदर रोडला राहतो. तिला डाउनहिलचा कडक डेक हवाय, व्हिडिओ बघून येऊरच्या उतारावर जायचं म्हणते. घेऊन द्यावा का?

उत्तर : डेक द्या, येऊर नको. तो रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता आहे, वळणापलीकडचं दिसत नाही आणि खाली येताना तिला थांबवायला बुटाचा तळवा पुरणार नाही. डाउनहिलवाले फुल-फेस हेल्मेट घालतात, तळहाताला प्लॅस्टिकची चकती लावलेले हातमोजे घालून घसरत वेग कमी करतात. ते आधी सपाटीवर शिकावं लागतं.

तिची मागणी मात्र अडाणीपणाची नाही, हे तिला सांगा. वेगात लवचिक डेक पायाखाली पिळतो आणि बोर्ड डगमगायला लागतो, म्हणून उताराला कडकच लागतो. कडा वर उचललेल्या असतील, म्हणजे काँकेव्ह असेल, तर न बघताही पाय कुठे आहे ते कळतं. पण असा डेक सोसायटीच्या सपाट पोडियमवर कंटाळवाणा होतो. तिच्यासाठी 36 इंचांच्या आसपासचा, मध्यम कडक, हलकासा काँकेव्ह असलेला ड्रॉप-थ्रू पुरे. पुढचा आणि मागचा ट्रक एकमेकांपासून फार लांब नकोत, नाहीतर तिच्या वजनाला बोर्ड वळतच नाही. चाकं 70 मिलिमीटर, 78ए (हे कडकपणाचं माप) च्या आसपासची मऊ घ्या. लहान कडक चाकं पेव्हरच्या फटीत अडकतात. हेल्मेट डेकबरोबर त्याच दिवशी, पुढच्या पगाराला नाही.

प्रश्न : वय 49, गुडघा थोडा कुरकुरतो. वाशीच्या मिनी सीशोअरला सकाळी मुलं बोर्ड चालवताना बघते आणि मोह होतो. माझ्यासाठी काही असतं का?

उत्तर : असतं की! डबल ड्रॉप मागा. त्यात ट्रक आरपार बसवलेले असतात आणि शिवाय मधली फळीही खाली उतरवलेली असते. उतरणं-चढणं जवळपास पायरीच्या निम्म्यावर येतं. वळायला तो सुस्त, पण तुम्हाला आत्ता शर्यत लावायची नाही. स्पीड ब्रेकरवर त्याचं पोट घासतं, तिथे उतरून हातात घ्या. गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून मगच पैसे द्या. आणि 46 इंची डान्सिंग बोर्ड कुणी गळ्यात मारत असेल तर आत्ता नको. तो लांब असतो कारण त्यावर चालत पावलं टाकायची असतात, आणि लिफ्टमध्ये तो वैताग देतो.

प्रश्न : नेरुळला एक जण सेकंडहँड मेपल डेक स्वस्तात देतोय. पावसाळाभर बाल्कनीत होता. घ्यावा?

उत्तर : ग्रिप टेप (डेकवरची खरखरीत पट्टी) वरून चकाचक असेल, ती बघू नका. आधी कडा बघा. थरांमध्ये बारीक चीर दिसते का, नख आत जातं का? मग डेक उलटा करून नाण्याने टोकापासून टोकापर्यंत टकटक करा. आवाज मध्येच पोकळ झाला तर तिथले थर सुटलेत, तो डेक सोडा. ट्रकच्या बोल्टभोवती तडे असतील तरीही सोडा. शेवटी सपाट लादीवर ठेवून चारही चाकं टेकतात का ते बघा. एक अधांतरी राहिलं तर फळीला पीळ पडलाय किंवा ट्रक वाकलाय. बेअरिंग गंजलेली असतील तर त्यावरून भाव पाडा, ती बदलता येतात.