डोळ्याच्या कोपऱ्यातली ती ‘गाठ’

“डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी गोळा दिसतोय, गाठ तर नसेल?” हे विचारणाऱ्या बऱ्याच जणांनी आधीच नेत्रतज्ज्ञांना दाखवलेलं असतं. डोळे निरोगी आहेत हे ऐकूनही त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते.

कॉलेजात शिकणारी एक मुलगी अशीच आईबरोबर माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून ती आरशात डोळे न्याहाळायची. आधी तो गोळा, मग पांढऱ्या भागावरच्या लाल रेषा, मग दोन्ही बाहुल्या सारख्या नाहीत ही शंका. “मॅडम, डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं असेल तर?”

मी तिला आईच्या डोळ्यांत नीट बघायला सांगितलं. “आई, तुलाही आहे की!” तिचा आवाजच बदलला. तो उंचवटा प्रत्येकाला असतो, त्याला कॅरंकल म्हणतात. त्याच्या जवळच वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असतं. अश्रू त्यातून नाकात उतरतात, म्हणून रडताना नाक वाहतं. आईच्या खालच्या पापणीवरचं छिद्र तिने स्वतः शोधून काढलं.

बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधलं भोक. प्रकाश वाढला की बुबुळातले स्नायू ते लहान करतात. साधारण पाचातल्या एका निरोगी माणसाच्या दोन बाहुल्यांत किंचित फरक असतो, बहुधा एक मिलिमीटरपेक्षा कमी. तिच्या बाहुल्या डॉक्टरांनी तपासल्या होत्या. मात्र असा फरक अचानक दिसू लागला, सोबत पापणी खाली आली, डोकं खूप दुखलं किंवा नजर अंधुक झाली, तर थेट रुग्णालय गाठायचं. अशा वेळी समुपदेशनाची वाट बघू नये.

लाल रेषांची गोष्ट वेगळी होती. पांढऱ्या भागावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं, त्यातल्या या रक्तवाहिन्या. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो आणि दर वेळी अश्रूंचा थर डोळ्यावर नव्याने पसरतो. टक लावून बघताना पापण्या कमी मिटतात, डोळे कोरडे पडतात, खुपतात. ती ते चोळायची, चोळल्यावर लाली वाढायची, आणि लाली दिसली की पुन्हा आरसा! भीतीला रोज नवा पुरावा तिच्याच हातून मिळत होता.

आरसा बंद करायला मी सांगितलं नाही, कारण बंदी घातली की ओढ वाढते. बघावंसं वाटलं की दहा मिनिटं थांबायचं आणि मनात आलेली भीती वहीत लिहायची, एवढंच ठरवलं. टॉर्च मात्र वापरायचा नाही. काही आठवड्यांत तपासणं बरंच कमी झालं, लालीही उतरली. परीक्षा जवळ आली तेव्हा ओढ परत आली, पण वही हाताशी होती.

आईला मात्र डोळे तपासून न देणं जड गेलं. “बघू गं, काही नाहीये” म्हणत ती रोज रात्री डोळे तपासून द्यायची. त्या धीराने मुलीला तासभर बरं वाटायचं, की पुन्हा तोच प्रश्न. आता मुलीने विचारलं की आई म्हणते, “मी बघणार नाही, पण तुझ्याजवळ बसते.”