पोस्ट ट्रेनिंगची आहे का, ते आधी विचार

अगं, ओरोसला ड्युटी करता करता इंग्लंडच्या हॉस्पिटलचं 'क्लिनिकल फेलो'चं पत्र आलं, जाऊ का, आणि लेकीच्या शाळेचं काय, असं विचारलंस. प्लॅब, ओईटी या परीक्षा आणि व्हिसा यांची माहिती सरकारी पानांवर आहे, ती मी सांगत नाही.

त्या पत्रात पगार, रजा सगळं असेल. ही पोस्ट जनरल मेडिकल कौन्सिलने (डॉक्टरांची नोंदणी आणि शिक्षण बघणारी इथली संस्था) स्पेशालिस्टच्या ट्रेनिंगसाठी मान्य केलीय का, ते बहुतेक नसेल. इकडे इंग्लंडात एकाच वॉर्डात दोन डॉक्टर असतात. एकाची पोस्ट मान्य. त्याला एज्युकेशनल सुपरवायझर, शिकण्याचा राखीव वेळ, दरवर्षी एआरसीपी, म्हणजे प्रगतीचा आढावा, आणि शेवटी सीसीटी, म्हणजे ट्रेनिंग पूर्ण झाल्याचा दाखला. दुसऱ्याची पोस्ट हॉस्पिटलने रोटा, म्हणजे ड्युट्यांचं वेळापत्रक, भरायला काढलेली. रात्रीचे पेशंट दोघांना सारखेच. सीसीटीसाठी वर्षं बहुधा पहिल्याचीच धरतात. मी त्या दुसऱ्यांतली.

आपल्याकडे इन्स्पेक्शन म्हटलं की आदल्या दिवशी पडदे बदलतात. इथे दरवर्षी ट्रेनींकडूनच, म्हणजे मान्य पोस्टवरच्या डॉक्टरांकडूनच, सर्वेक्षण भरून घेतात. तक्रारी फार झाल्या तर ट्रेनी काढूनही घेतात. आमच्या एका डिपार्टमेंटमधून काढले होते. त्यांच्या नाइट कोणी केल्या, ते तूच ओळख. आम्हाला कोणी काही विचारलं नाही.

सीसीटीशिवाय स्पेशालिस्ट व्हायची आडवाट आहे, पोर्टफोलिओ पाथवे. २०२३ पर्यंत तिला सीईएसआर म्हणत. कौन्सिलच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं, पण आपलं काम अभ्यासक्रमाच्या तोडीचं आहे हे शेकडो पानांनी सिद्ध करायचं. प्रत्येक पानावरून पेशंटचं नाव खोडायचं, निवृत्त झालेल्या साहेबांना शोधून सह्या घ्यायच्या. माझ्या जुन्या कॉलेजातल्या एका दाखल्यासाठी भाऊ भर मे महिन्यात मालवणहून मुंबईला एसटीने हेलपाटे घालत होता, आणि दरवेळी 'साहेब रजेवर'. आठवलं की अजून डोकं फिरतं.

ज्या पोरांना मी छातीतलं पाणी काढायला शिकवलं, ती कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ स्पेशालिस्ट, होऊन माझ्या कागदांवर सह्या करत होती. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. आणि आई गावभर सांगायची, "आमचां चेडू थंय मोठां डॉक्टर आसा." मी ते कधी खोडून काढलं नाही, अजूनही नाही.

लेकीचं म्हणशील तर सरकारी शाळा बहुधा पत्त्यावरून मिळते, म्हणून आधी शाळा बघ, मग घर. माझ्या मुलाला एकोणतीसचा पाढा तोंडपाठ, पण वर्गात बोलत नाही म्हणून गणिताच्या खालच्या गटात बसवला. बाई गोड हसून 'सेटल होतोय' म्हणायच्या. तो आता इंजिनिअरिंगला आहे, तरी ते हसणं मला बोचतं.

एकटेपणा? असतो. पेज कर, जेव, झोप.

येऊ नको असं म्हणत नाही. पण जुलै २०२५ च्या इथल्या आरोग्य आराखड्यात स्पेशालिटी ट्रेनिंगसाठी इथले पदवीधर आणि एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत बराच काळ राबलेले डॉक्टर यांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय. म्हणजे आधी रोटा भर, मग रांगेत ये. तुझी तयारी असेल तर ये, फक्त उघड्या डोळ्यांनी.

उद्याच त्यांना मेल कर: पोस्ट मान्य आहे का, नसेल तर सुपरवायझर कोण, स्टडी लीव्ह आणि त्याचे पैसे किती, पोर्टफोलिओला मदत करणार का. लेखी माग. फोनवर 'डोन्ट वरी' म्हणाले तर ते धरू नकोस. उत्तर आलं की सही करण्याआधी मला पाठव.