तलावात शिकलेले पोहणे आणि कदमतचा किनारा

प्रश्न : येत्या डिसेंबरात आम्ही लक्षद्वीपमधील कदमत बेटावर जाणार आहोत. माझी १२ वर्षांची मुलगी दोन वर्षे टिळक तलावावर पोहते आहे. तेथील समुद्र शांत आणि उथळ असतो, असे सगळेच सांगतात. तिला मोकळेपणी पोहू द्यावे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हे आपण निघण्याआधी विचारलेत, याचे मला फार बरे वाटले. जरूर पोहू द्यावे; मात्र बेटाच्या कोणत्या बाजूला आणि भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी, हे ठरवूनच.

कदमत सुमारे ९ किलोमीटर लांब असले, तरी त्याची रुंदी कोठेही साडेपाचशे-पावणेसहाशे मीटरांपलीकडे जात नाही. तेथली वाळू ओंजळीत घेऊन पाहा. आपल्या कोकणातल्यासारखे सह्याद्रीच्या काळ्या दगडाचे कण तिच्यात नाहीत. आहे तो प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा पांढरा चुरा. हाच प्रवाळ पश्चिमेला किनाऱ्यापासून दूर भिंतीसारखा उभा असून मोठ्या लाटा त्याच्यावरच फुटतात, म्हणून आतले लगून, म्हणजे भिंत आणि किनारा यांच्यामधले पाणी, उथळ आणि संथ राहते. पूर्वेचे लगून अरुंद आहे आणि त्यापलीकडे तळ झपाट्याने खोल जातो. मुलीला त्या बाजूला उतरवू नये.

पश्चिमेचे पाणीही दिसते तितके स्वस्थ नसते. लाटा भिंतीवरून सतत पाणी आत टाकतात आणि ते भिंतीतल्या खिंडींतून, म्हणजे होड्यांच्या ये-जा करण्याच्या वाटेने, बाहेर पडते. ओहोटीत ही ओढ वाढते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणखीच. आणि वर लाट नसल्यामुळे ती डोळ्यांना जाणवत नाही. ओढीत सापडल्यास प्रवाहाविरुद्ध हात मारून दमू नये. उताणे तरंगत हात उंचावून हाक मारावी आणि जोर ओसरला की बाजूला सरकावे. हे तिच्याकडून पुण्यातच, तलावात, चार वेळा करून घ्या.

डिसेंबरात वारा बहुधा ईशान्येकडून येतो. त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला असतो, पण तोच वारा हवेने फुगवलेली रिंग किनाऱ्यापासून दूर ढकलत नेतो. अशी रिंग नेऊच नका, अंगाला नीट बसणारे लाइफ जॅकेट घाला.

तलावाच्या काठावर खोलीचे आकडे रंगवलेले असतात. येथे ते नाहीत, आणि नितळ पाणी फसवते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे २ मीटर खोल पाणी वरून पाहिल्यास दीड मीटरच वाटते. म्हणून आधी आपण स्वतः उतरून, तिच्या छातीपर्यंत पाणी कोठवर येते ते पाहा. पायांत रबरी बूट हवेतच, कारण प्रवाळाने झालेली जखम लवकर चिघळते. शिवाय तळाशी काटेरी समुद्री साळू असतात. प्रवाळावर उभे राहू नये आणि त्याचा तुकडाही उचलून आणू नये. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षण आहे.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज धरू नका. सकाळी तेथील होडीवाल्याला त्या दिवशीची ओहोटी विचारा, आणि खिंड कोठे आहे ते मुलीला शेजारी उभे करून बोटाने दाखवायला सांगा.