पावसाची .एनसी फाईल एक्सेलमध्ये कशी आणायची?

प्रश्न : ताई, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी पुण्याच्या हवामान विभागाच्या साईटवरून एका वर्षाचा पावसाचा डेटा घेतला, पण फाईल .एनसी (नेटसीडीएफ, म्हणजे हवामानाचा डेटा साठवायचा प्रकार) निघाली, एक्सेल उघडतच नाही. ऑनलाईन कन्व्हर्टरवर टाकली तर तो तासभर नुसता फिरतोय. मला फक्त साताऱ्याचा पाऊस हवाय हो!

उत्तर : अहो, कन्व्हर्टरला कशाला दोष देताय, गणित करून बघा ना. त्या फाईलमध्ये देशाच्या नकाशावर चौकोनांची जाळी, म्हणजे ग्रिड असते; तिच्यात 135 रेखांश आणि 129 अक्षांश, म्हणजे 17,415 ठिकाणं, गुणिले 365 दिवस, झाल्या 63 लाखांवर ओळी, आणि एक्सेलची एक शीट 10,48,576 ओळींवर थांबते, मग ती सीएसव्ही (एक्सेलला वाचता येणारी साधी मजकूर फाईल) मिळून तरी काय करणार होतात?

सगळी फाईल बदलूच नका. गुगल कोलॅब, म्हणजे पायथन कोड चालवायची जागा, ब्राउझरमध्येच चालतं, तिथे पायथनची एक्सअ‍ॅरे ही लायब्ररी वापरून आधी ग्रिडमधला जवळचा बिंदू उचला (साताऱ्याला 17.75 उत्तर, 74.0 पूर्व) आणि मग तेवढ्याच 365 ओळी सीएसव्हीत काढा. कोडचा कंटाळा असेल तर नासाचं पॅनोप्ली हे अशा फाईली उघडणारं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे, पण त्यासाठी संगणकावर जावा हे सॉफ्टवेअर लागतं.

आणि हो, -999 दिसलं तर तो पाऊस नाही, डेटा नसल्याची खूण आहे. बेरजेत गेलं की सगळं बोंबलतं. ग्रिडचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक चौकोन, आणि तो साधारण 27 किलोमीटरचा असतो, त्यामुळे महाबळेश्वरचा पाऊस याच बिंदूवरून काढायला जाऊ नका, त्याचा चौकोन वेगळा.